रूळ गेले, वाट राहिली

रेल्वेचा एखादा फाटा बंद पडला म्हणजे काय होतं, हे आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलं आहे. आधी गाडी जाते. मग रूळ उचलले जातात, स्लीपर लिलावात निघतात, स्टेशनाची दारं-खिडक्या कुठं जातात ते कळतही नाही. शेवटी उरतो तो मातीचा भराव, कापलेले डोंगर आणि ओढ्यांवरचे पूल. या उरलेल्या वाटेचं काय करायचं? एका दूरच्या मुलखातल्या लोकांनी या प्रश्नाला दिलेलं उत्तर आज सांगणार आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागो नावाचा प्रांत आहे. त्याचा मधला भाग फार कोरडा. पश्चिमेच्या उंच पर्वतरांगा पावसाचे ढग अडवून धरतात. सह्याद्रीच्या पाठीशी असलेल्या आपल्या माण-खटावसारखीच गोष्ट म्हणा ना; मात्र तिथं हिवाळ्यात बर्फ पडतं. अशा उजाड माळावर माणसं ओढून आणली ती सोन्यानं. आणि या सोन्याशी आपलाही एक धागा जुळतो, बरं का! मुंबईकडून तिथं गेलेला एडवर्ड पीटर्स नावाचा एक शेतमजूर होता. लोक त्याला 'ब्लॅक पीटर' म्हणत. ओटागोत सोनं आहे हे त्यानं मोठी झुंबड उडण्यापूर्वीच दाखवलं होतं. परंतु १८६१ साली गॅब्रिएल रीडला मोठा साठा सापडला आणि नाव झालं ते रीडचं. १८६२ साली क्लूथा नदीकाठी, आजच्या क्लाइड गावाजवळही सोनं मिळालं आणि हजारो माणसं त्या दरीत लोटली.

सोनं ओसरलं, पण काही लोक मागे राहिले. त्यांनी मेंढ्या पाळल्या, फळबागा लावल्या. आता त्यांची लोकर आणि फळं बंदरापर्यंत न्यायची कशी? त्यासाठी डनेडिन शहराजवळच्या विंगाटुईपासून १८७९ साली रेल्वेचं काम सुरू झालं. रूळ साडेतीन फूट रुंदीचे, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा चार बोटं जास्त. घळीतून, खडकातून काम रेंगाळत चाललं. मिडलमार्चला गाडी १८९१ साली पोचली आणि क्लाइडला १९०७ साली. तिथून पुढे क्रॉमवेल गाठायला १९२१ साल उजाडलं. अवघ्या दोन-अडीचशे किलोमीटरसाठी साडेतीन तपांचा काळ गेला!

त्या लोहमार्गानं सुखाचे दिवस दाखवले, तसे दुःखाचेही. ४ जून १९४३ रोजी हाइड गावाजवळच्या वळणावर भरधाव गाडी रुळांवरून घसरली आणि २१ माणसं दगावली. पुढे मोटारी आल्या. १९७६ साली उतारूंची गाडी थांबली. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत रेल्वेला जे कायद्याचं संरक्षण होतं, तेही १९८३ साली गेलं. क्लाइडला मोठं धरण बांधायचं ठरलं, तेव्हा क्रॉमवेलकडचा तुकडा १९८० साली बंद झाला आणि नंतर तिथली दरी पाण्याखाली गेली. उरलेल्या मार्गानं धरणाचं सामान वाहिलं. ते काम सरलं आणि १९९० साली मिडलमार्च ते क्लाइड हा मार्गही बंद पडला.

आता सारी जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली असती, तर गोष्ट इथंच संपली असती. तसं झालं नाही. १९९३ साली सरकारच्या निसर्गरक्षण खात्यानं ही पट्टी सलग ताब्यात घेतली. स्थानिक लोकांनी विश्वस्त मंडळ स्थापून पैसा उभा केला. खडीवर बारीक मुरूम अंथरला, साठाहून जास्त पुलांवर फळ्या ठोकल्या, कठडे बसवले. २००० साली सुमारे १५० किलोमीटरची ही वाट सायकलस्वार आणि पायी प्रवास करणाऱ्यांसाठी संपूर्ण खुली झाली.

रेल्वेचीच वाट का, असं कोणी विचारील. शिक्षकमंडळींनी हे मुलांना जरूर समजावून द्यावं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार घर्षण देत नाही. म्हणून खडा चढ आला की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागतात. पन्नास फूट अंतरात एक फूट चढ म्हणजे रेल्वेच्या हिशेबी पुष्कळच. म्हणून इंजिनिअर खोलगट जागी भराव घालतो, टेकडी आडवी आली तर ती कापतो, वळसा घेतो, नाहीतर बोगदा खणतो. आगगाडीसाठी घेतलेला हा खटाटोप सायकलवाल्याच्या पायांना आयताच लाभतो. या वाटेचा माथा वेडरबर्न गावाजवळ ६१८ मीटर उंचीवर आहे, पण तिथवर साठीतला माणूसही दमादमानं पोचतो. पूलबर्नच्या घळीत दोन बोगदे आहेत. आत बॅटरी लावूनच शिरावं लागतं. तिथला दगडी खांबांचा पूल सुमारे ३७ मीटर उंच आहे. म्हणजे दहा-बारा मजली इमारतच!

खरा फरक पडला तो गावांत. गाडी गेल्यावर या गावांना अवकळा आली होती. सायकलवाला मात्र दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरच जातो. त्याला भूक लागते, रात्री अंथरूण लागतं. मोटारवाला ज्या गावातून धूळ उडवीत निघून जाई, तिथं हा मुक्काम करतो. शेतकऱ्यांनी खोल्या भाड्यानं दिल्या, जुन्या खाणावळी पुन्हा उघडल्या. वेडरबर्नची मालाची हिरवी शेड मार्ग बंद झाल्यावर दुसरीकडे नेली होती. तीसुद्धा परत आणून मूळच्या जागी उभी केली. हे सारं पाहून २००९ साली न्यूझीलंड सरकारनं देशभर असे सायकलमार्ग करण्याची योजना हाती घेतली.

आता आपल्याकडे पाहू. वऱ्हाडात यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा नॅरोगेज मार्ग कापसासाठी घातला गेला. लोकांनी त्या गाडीला प्रेमानं 'शकुंतला' म्हटलं. ती गाडीही थांबली. ती मोठ्या रुळांवर पुन्हा धावावी ही तिथल्या लोकांची मागणी रास्तच आहे. गाडीऐवजी सायकल घ्या, असं मी म्हणत नाही. सांगायचं आहे ते एवढंच : गाडी पुन्हा येवो, सायकल येवो की नुसती पाऊलवाट होवो, वाट सलग राहिली तरच यांतलं काहीही शक्य आहे. क्रॉमवेलकडचा तुकडा बुडाला तो बुडालाच. आपल्या आजे-पणज्यांनी टोपल्यांनी माती वाहून घातलेला भराव एकदा मधेच तुटला, की सांधणं महाकठीण.

तेव्हा गावाशेजारी असा जुना मार्ग असेल, तर गुरुजींनी एक दिवस मुलांना घेऊन त्यावरून चालावं. पूल मोजावेत, म्हाताऱ्या माणसांकडून गाडीच्या आठवणी ऐकाव्यात आणि वहीत उतरवून घ्याव्यात. जपायचं काय आहे, हे आधी ठाऊक तर व्हायला हवं!