इंडस क्रीड : अल्बमांची एकसंधता

इंडस क्रीड : इंग्रजीतून गाणारा मुंबईतील रॉक बँड. स्थापना १९८४. मूळ नाव रॉक मशीन. १९९३ मध्ये ते बदलून इंडस क्रीड झाले. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर (गिटार) व झुबिन बालापोरिया (कीबोर्ड) हे प्रमुख कलावंत. अल्बम चार : ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८), ‘द सेकंड कमिंग’ (१९९०), ‘इंडस क्रीड’ (१९९५) व ‘इव्हॉल्व्ह’ (२०१२).

निकष : १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी आणली आणि अनेक गाणी सलग ऐकवणे सोयीचे झाले. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ (१९६७) व पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) यांनी अल्बम हीच एक रचना मानण्याची दृष्टी रुजवली. मराठी श्रोत्याला ‘गीतरामायणा’तून (पुणे आकाशवाणी, १९५५-५६) अशा सलगतेचा परिचय आहे; त्यातील ५६ गीतांना कथेचा धागा आहे. रॉक अल्बमात बहुधा कथा नसते. तेथे नादाची एकजिनसी घडण, गाण्यांचा क्रम आणि भरतीच्या गाण्यांचा अभाव यांवरून एकसंधता ठरते.

तुलना : पहिल्या दोन अल्बमांच्या काळात श्रोते परदेशी बँडची गाणी मागत. १९८६ पासून रंगभवनात भरू लागलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’सारख्या महोत्सवांनी मुंबईत मोठा रॉक श्रोतृवर्ग घडवला, त्याच्यापुढे स्वतःची गाणी मांडण्याचे धाडस रॉक मशीनने केले. हे त्यांचे मोठे श्रेय होय. मात्र ही गाणी रंगमंचावर एकेकटी रंगणारी आहेत. घडण पाश्चात्त्य हार्ड रॉकची असल्यामुळे अल्बममध्ये जोम टिकतो, पण क्रमामुळे नवा अर्थ उमटत नाही. पुढे ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा पुरस्कार लाभला. व्हिडिओच्या त्या दशकात बँडची कीर्ती सुट्या गाण्यांवर वाढली.

१९९५ चा अल्बम हे वळण आहे. जयेश गांधी (गिटार), मार्क सेल्विन (बेस) आणि मार्क मेनेझिस (ड्रम) यांच्या साथीने बँडने जुनी चौकट सैल केली. वैविध्य वाढले, ते एका सूत्रात पूर्णपणे ओवले गेले नाही. तरी स्वतःचा आवाज शोधण्याची निकड यात सर्वाधिक जाणवते. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला.

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर व बालापोरिया पुन्हा एकत्र आले. रुशाद मिस्त्री (बेस) व जय राव कवी (ड्रम) त्यांना मिळाले. ‘इव्हॉल्व्ह’मध्ये आठच गाणी आहेत. ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘नो डिसग्रेस’ यांसारख्या गाण्यांत कीबोर्ड व गिटार एकमेकांना वाट देतात. गाणी घाई न करता उलगडतात. सर्व गाण्यांचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केल्यामुळे नादाची पातळीही एकसारखी राहिली आहे.

मूल्यमापन : धाडसासाठी ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि शोधासाठी ‘इंडस क्रीड’ महत्त्वाचा आहे. सलग ऐकण्याची रचना म्हणून ‘इव्हॉल्व्ह’ हा या बँडचा सर्वांत परिपूर्ण अल्बम होय.