लोकरीचे पाणी आणि फ्लॉरेन्सचे मजूर

मंडळी, आम्ही गिरणगावातली माणसे. आम्हांला सूत ठाऊक. सूत पापडखाराचे पाणी सोसते, तेजाबाने मात्र जळते. लोकरीचे नेमके उलटे, हे ध्यानात यायला आम्हांला बरीच वर्षे लागली. लोकर ही केसासारखीच प्रथिनाची. सौम्य आंबट पाण्यात ती सुखरूप राहते. पण खाराच्या कढत पाण्यात तिच्यातले गंधकाचे सांधे सुटतात, ती पिवळी पडते, तिचा जीव जातो. कॉस्टिक सोड्यात उकळली तर काही मिनिटांत विरघळतेच. आपल्याकडे लोकरीला रिठा लावतात तो उगीच नव्हे. रिठ्याचे पाणी किंचित आंबट असते.

पाण्याची आम्लता मोजण्याचे पीएच हे माप सोरेन्सनने कोपनहेगनात १९०९ साली काढले. त्यापूर्वी हे सारे काम मजुराच्या नाकावर आणि बोटांवर चाले.

चौदाव्या शतकातले फ्लॉरेन्स घ्या. लोकरीचा तेलकट मळ काढायला खार हवा. त्यासाठी शिळे मूत्र आणि साबण वापरीत. पुढे रंग धरायला तुरटी हवी, आणि तुरटीचे पाणी आंबट. ती आशिया मायनरहून जेनोआच्या व्यापाऱ्यांमार्फत येई. म्हणजे एकाच लोकरीला आधी खार, मग आंबट, आणि दोहोंत हात बुडवणारा माणूस एकाच वर्गातला. या माणसाला संघ करण्याची मनाई होती. उलट मालकांच्या लोकर-संघाने त्याच्यावर एक परका अंमलदार बसवला होता, आणि शिक्षा देण्याचा अधिकार त्याला होता.

१३४५ साली च्यूतो ब्रान्दीनी नावाच्या पिंजाऱ्याने मजुरांची संघटना बांधून वर्गणी गोळा करण्याचे ठरवले. त्याला पकडले तेव्हा सोबत्यांनी काम बंद केले. तरी त्याला फाशी झाली. वर्गणीची पावती फाडताना आम्हांला त्याची आठवण होते.

जुलै १३७८ मध्ये हेच मजूर उठले. त्यांना 'चिओम्पी' म्हणत. तो अंमलदार काढा, ही त्यांची एक मागणी. मिकेले दि लान्दो हा लोकर पिंजणारा नगराचा प्रमुख झाला, आणि तीन नवे संघ निघाले: रंगाऱ्यांचा, अंगरखे शिवणारांचा आणि चिओम्पींचा. ऑगस्टअखेर चिओम्पींचा संघ मोडला, आणि तो मोडण्यात मिकेले स्वतः पुढे होता. रंगारी टिकले. आमचे मत असे की तुरटीचा हौद ज्याला जमतो त्याच्यावाचून मालकाचे अडते. पिंजणारा दुसरा मिळतो. पण रंगाऱ्यांनी चिओम्पींना साथ दिली नाही, आणि १३८२ साली त्यांचाही संघ बरखास्त झाला.