एलईडी दिवे, घरगुती : निवड (वसमत परिसर)

एलईडी दिवे, घरगुती : तारेचा बल्ब, सीएफएल किंवा चोकची ट्यूब काढून त्याच जागी, आहे त्या वायरिंगवर बसवायचे प्रकाश-उत्सर्जक डायोडचे दिवे. या नोंदीतील निकष वसमत शहर आणि तालुक्यातील खेडी डोळ्यांपुढे ठेवून दिले आहेत. वसमत हे पूर्णा–हिंगोली–अकोला लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण असून हळदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि वसमत नव्या हिंगोली जिल्ह्यात आले. वीजपुरवठा महावितरणच्या नांदेड परिमंडळाकडे आहे. येथे दिवा किती टिकेल हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात : घरात येणारा विजेचा दाब आणि उन्हाळ्याची उष्णता. गिऱ्हाईक मात्र वॅट आणि किंमत पाहून बल्ब घेते, म्हणून पुढील विवेचनात दाब व उष्णता यांवर भर आहे.

रचना : निळा प्रकाश देणाऱ्या चिपांवर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो. दोन्ही रंग मिसळून डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. बल्बच्या बुडाशी ड्रायव्हर असतो. तो २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे चिपांना मानवेल अशा स्थिर प्रवाहात रूपांतर करतो. बल्ब ‘उडाला’ असे म्हणतात तेव्हा बहुधा ड्रायव्हर निकामी झालेला असतो, किंवा एकसरीत जोडलेल्या चिपांपैकी एक जळून सगळ्यांचा प्रवाह तुटलेला असतो.

उजाला योजना : घरगुती दिव्यांच्या बदलाचा आधीचा टप्पा सीएफएलचा होता. त्यासाठी केंद्राने २००९ मध्ये ‘बचत लॅम्प योजना’ आणली. ५ जानेवारी २०१५ रोजी एलईडी वाटपाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो ‘उजाला’ या नावाने ओळखला जाऊ लागला. अंमलबजावणी ईईएसएल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे होती. एनटीपीसी, पॉवरग्रिड, आरईसी आणि पीएफसी या कंपन्यांनी मिळून ती २००९ मध्ये उभी केली. सुरुवातीला ७ वॅटचे आणि नंतर ९ वॅटचे बल्ब, तसेच २० वॅटच्या ट्यूब देण्यात आल्या. एकगठ्ठा निविदांमुळे बल्बची खरेदी किंमत २०१४ मधील सुमारे ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरली. देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. त्यांपैकी २ कोटींहून अधिक महाराष्ट्रातील आहेत. योजनेचे खरे श्रेय वाटपाच्या आकड्यापेक्षा भाव खाली आणण्यात आहे, कारण त्यानंतर खुल्या बाजारातही एलईडी सामान्य घराच्या आवाक्यात आला. एलईडी दिव्यांवरील वस्तू व सेवा कर जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला.

वॅट आणि ल्युमेन : वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, ल्युमेन म्हणजे किती उजेड देतो. तारेच्या बल्बांत दोन्हींचे नाते ठरलेले होते, म्हणून ‘साठचा’, ‘शंभरचा’ एवढे सांगून भागत असे. एलईडीत ९ वॅटचे दोन बल्ब उजेडात बरेच वेगळे असू शकतात, म्हणून खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा वाचावा. स्थूल तुलना अशी :

४० वॅट तारेचा बल्ब – सुमारे ४०० ल्युमेन – एलईडी ४ ते ५ वॅट
६० वॅट – सुमारे ७०० ल्युमेन – एलईडी ७ ते ९ वॅट
१०० वॅट – सुमारे १,३५० ल्युमेन – एलईडी १२ ते १४ वॅट

एका चौरस मीटरवर पडलेला एक ल्युमेन म्हणजे एक लक्स. १० बाय १० फुटांची खोली सुमारे ९.३ चौरस मीटर भरते. तिला १०० लक्स उजेड हवा आणि निम्मा प्रकाश भिंती-छतात मुरतो असे धरले, तर सुमारे १,८६० ल्युमेन लागतात. हे काम २० वॅटची एक एलईडी ट्यूब करते, ९ वॅटचा एक बल्ब करू शकत नाही. पांढऱ्या चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या खोलीला हा हिशेब पुरतो. जुन्या वाड्यातील लाकडी माळवद आणि सारवलेल्या भिंती प्रकाश पिऊन टाकतात, म्हणून तेथे दीडपट धरावे. ओट्यावर आणि मुलांच्या अभ्यासाच्या जागी मोठा दिवा छताला लावण्यापेक्षा छोटा दिवा जवळ आणावा.

वीजदाब : घरगुती पुरवठ्याचा प्रमाण दाब २३० व्होल्ट आहे. ६ टक्के कमी-जास्त धरले तर तो साधारण २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान हवा. फीडरच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी तो याहून खाली जातो. स्वस्त बल्बांत ड्रायव्हरचे भाग चिपांच्याच पाटीवर बसवलेले असतात. दाब ठरावीक पातळीखाली गेला की असा बल्ब मंदावतो आणि वाढला की तापतो. स्वतंत्र ड्रायव्हरचा बल्ब दाब बराच बदलला तरी एकसारखा उजेड देतो. खोक्यावर ‘१०० ते ३०० व्होल्ट’ अशी विस्तृत मर्यादा आणि सर्जपासून (दाबाच्या क्षणिक उसळीपासून) संरक्षणाचा आकडा (२.५ किंवा ४ किलोव्होल्ट) असेल तो बल्ब घ्यावा. यासाठी दहा-वीस रुपये जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत.

दिव्यांचे सर्वांत मोठे नुकसान न्यूट्रल तुटल्याने होते. डीपीवरून (गल्लीच्या रोहित्रावरून) तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. फेज व न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट. न्यूट्रल तुटला किंवा त्याचा सांधा सैल झाला की हा दाब घराघरांत विषम वाटला जातो. कमी भार असलेल्या घराला ३०० व्होल्टच्या वर मिळतात, जास्त भार असलेल्याला फारच कमी. अशा वेळी काही दिवे एकाएकी लखलखतात, काही मिणमिणतात आणि पंखा भलत्याच वेगाने फिरू लागतो. असे दिसताच आधी मेन स्विच पाडावा आणि मग १९१२ या क्रमांकावर तक्रार करावी. नुसता एमसीबी जादा दाब ओळखत नाही. त्यासाठी मीटरनंतर जादा दाबापासून वाचवणारा वेगळा संच बसवावा लागतो. गल्लीतील सगळ्यांचे बल्ब एकाच रात्री गेले तर दोष बल्बचा नाही, असे समजावे.

बटण बंद, तरी मंद उजेड : एलईडी बसवल्यावर ही तक्रार हमखास येते. रात्री बटण बंद केल्यावरही बल्ब अंधारात मिणमिणत राहतो आणि लोक बल्ब बदलून आणतात. बटणात छोटा इंडिकेटर दिवा असेल तर त्यातून जाणारा किंचित प्रवाहही एलईडीला पुरतो. यात धोका नाही. दुसरे कारण मात्र गंभीर आहे. वायरिंग करताना बटण फेजवर न घेता न्यूट्रलवर घेतलेले असते. तारेच्या बल्बला एवढ्याशा प्रवाहाने काही होत नसे, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहतो. ओळख सोपी आहे : बटण बंद ठेवून, कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावावा. बटण बंद असताना टेस्टर पेटला तर होल्डरमध्ये फेज थेट आलेली आहे, म्हणजे बल्ब बदलणाऱ्याच्या हाताशी जिवंत वीज आहे. वायरमनकडून फेज बटणावर घेऊन मगच नवा बल्ब लावावा. घरातील सगळे दिवे बदलण्याआधी ही एक तपासणी अवश्य करावी. विजेच्या बचतीइतकेच तिचे मोल आहे.

उष्णता : खोक्यावरचे २५,००० तास हे प्रयोगशाळेतील आयुष्य. बल्ब बंद पडेपर्यंतचा काळ असा त्याचा अर्थ नाही. मूळच्या ७० टक्क्यांपर्यंत उजेड उतरायला लागणारा वेळ त्यातून कळतो. ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतो. स्थूल नियम असा, की दर १० अंश सेल्सिअस वाढीला त्याचे आयुष्य निम्मे होते. मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात छतालगतची हवा त्याहून तापलेली असते. अशा घरात बल्ब पत्र्याला चिकटून न लावता वायरने हातभर खाली सोडावा. बंद काचेच्या गोळ्यात बल्ब घालायचा असेल तर कमी वॅटचा घ्यावा. अॅल्युमिनियमचा जाड गाभा असलेला बल्ब हाताला जड लागतो आणि उष्णता चांगली बाहेर टाकतो.

प्रकाशाचा रंग : २,७०० ते ३,००० केल्विनचा उजेड पिवळसर, ४,००० चा मधला आणि ६,५०० चा निळसर पांढरा असतो. बाजारात ६,५०० चाच भरणा जास्त आहे. देवघर, निजायची खोली आणि ओसरी यांना पिवळसर बरा. त्याकडे पावसाळी किडेही कमी येतात. निळसर उजेडाचा झोपेवर किती परिणाम होतो याविषयी एकमत नाही.

रंग खरे दिसतात की नाही हे सीआरआय या आकड्यावरून कळते. तो किमान ८० असावा. वसमतमध्ये या आकड्याला धंद्याचे महत्त्व आहे. हळकुंड मोडून गाभ्याचा केशरी-पिवळा रंग पाहिला जातो. साध्या एलईडीत तांबडा भाग कमी पडतो आणि तोच गाभा फिका दिसतो. सीआरआयच्या सरासरीत गडद तांबडा मोजला जात नाही, म्हणून ८० च्या दिव्याखालीही फसगत होऊ शकते. मालाची पारख दिवसाच्या उजेडातच करावी.

खोक्यावरील नोंदी : भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) नोंदणी चिन्ह, त्याखाली आयएस १६१०२ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन एलईडी बल्बना २०१८ पासून सक्तीचे आहे. वॅट, ल्युमेन, दाबाची मर्यादा, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि हमीचा काळही छापलेला हवा. २०१७ मध्ये नील्सन या बाजार-संशोधन कंपनीने मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद आणि नवी दिल्ली येथील दुकानांत केलेल्या पाहणीत तपासलेल्या बल्बच्या ब्रँडांपैकी तीनचतुर्थांश सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हते. पत्ता नसलेला बल्ब घेऊ नये. बिल घ्यावे, कारण हमी बिलावरच मिळते. दुकानातच बल्ब लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावा. पडद्यावर गडद पट्टे सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतो आहे. अभ्यासाच्या जागी तो नको.

होल्डर : घरगुती होल्डर बहुधा दोन पिनांचा (बी२२) असतो, आट्यांचा (ई२७) क्वचित.

जुनी ट्यूब बदलणे : जुनी ३६ किंवा ४० वॅटची ट्यूब चोकसह ५० वॅटच्या आसपास वीज खाते. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची तर चोक व स्टार्टर काढून जोडणी बदलावी लागते. त्यापेक्षा पट्टीसह अखंड एलईडी ट्यूब घेणे सोपे व सुरक्षित.

इन्व्हर्टर बल्ब : आत लिथियम सेल असतो, वीज गेल्यावर काही तास चालतो. सेल उष्णतेने लवकर उतरतो, म्हणून असा एकच बल्ब जिन्यात किंवा स्वयंपाकघरात ठेवावा.

दुरुस्ती : जळालेली चिप डागाने जोडून बल्ब पुन्हा पेटवतात. बाकीच्या भागांवर ताण वाढतो, त्यामुळे ही दुरुस्ती फार काळ टिकत नाही. शिवाय अनेक बल्बांत चिपांची पाटी थेट मेनच्या विजेला जोडलेली असते. वरचे पांढरे टोपण निघालेला बल्ब कधीही चालू ठेवू नये.

बचत : ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास चालला तर महिन्याला ९ युनिट लागतात, ९ वॅटच्या एलईडीला १.३५. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणून वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतात. ज्या घराचा वापर वरच्या टप्प्यात जातो त्याला हा बदल जास्त फळतो. आधी जास्त तास चालणारे दिवे बदलावेत. न्हाणीघरातला दहा मिनिटांचा दिवा शेवटी बदलला तरी चालतो.

विल्हेवाट : एलईडीत पारा नसतो. सीएफएल आणि जुन्या ट्यूबमध्ये असतो, त्या फोडू नयेत.