बंबाचा धूर आणि भिंतीवरचा सेन्सर

आमच्या लहानपणी शिरूरला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर लक्ष ठेवायचं साधन म्हणजे परसातल्या बंबाचा धूर. सकाळी धूर दिसला नाही की शेजारीण "काकू, बरं आहे ना?" म्हणत कडी वाजवायची.

हेच निरीक्षण शास्त्रात आणलं अमेरिकेतल्या डॉ. सिडनी कॅट्झ यांनी. क्लीव्हलँडच्या बेंजामिन रोझ इस्पितळात खुब्याचं हाड मोडलेले वृद्ध पाहून त्यांनी व सहकाऱ्यांनी १९६३ साली सहा गोष्टींची मोजपट्टी प्रसिद्ध केली: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवणं. बरं होताना माणूस आधी हाताने जेवू लागतो, अंघोळ मागाहून जमते. म्हातारपणी मात्र आधी सुटते ती बहुधा अंघोळच! शेजारीण बंबाकडे बघायची ते उगीच नव्हे. (नुसती पाठ चोळून घेतली तरी कॅट्झ माणसाला स्वावलंबीच धरत. मला हे फार आवडलं.)

आपल्या शिरूर तालुक्यातही वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण केंद्र आहे, डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात रुजवलेलं. २००७ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासासाठी तिथे पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक गावकऱ्यांना विचारलं गेलं. अंघोळीला, कपडे घालायला अडचण किती, हेही त्यात होतं. आता सुनेसमोर सासरे "कसली अडचण?" असंच म्हणणार, अशी आपली माझी शंका.

विचारण्याऐवजी यंत्राने टिपायचं, हे जपानात झोजिरुशी कंपनीने २००१ साली चहाच्या पाण्याच्या विजेच्या भांड्याने केलं. आईने पाणी कधी घेतलं, हे दूरच्या मुलाला ईमेलने! आता दाराला, गादीखाली, मनगटावर सेन्सर असतात. उठणं, चालणं त्यांना बऱ्यापैकी कळतं. न्हाणीघरात मात्र कॅमेरा कोण लावू देईल? मग हवेतला दमटपणा मोजायचा. पण पाणी स्वतः घेतलं की कामवालीने घातलं, हे दमटपणा सांगत नाही, आणि कॅट्झ यांचा सगळा भर तर त्यावरच.

दौंडला आमच्या वहिनी एकट्या असतात. परदेशातला पुतण्या असे सेन्सर बसवू म्हणतो. वहिनींच्या दोन अटी आहेत: कॅमेरा नको, आणि नोंद आधी त्यांना दिसली पाहिजे. पहिली त्याने मान्य केली. दुसरीवर अजून फोन चालू आहेत.