तळ्यातील मूल आणि पूर्व बंगाल

उपयोजित नीतिशास्त्राच्या पदवी-अभ्यासक्रमांत पीटर सिंगर यांचा १९७२ चा दुष्काळ व समृद्धीविषयक निबंध जणू क्रमिक पाठच ठरला आहे. उथळ तळ्यात बुडणारे मूल कपडे चिखलाने माखले तरी वाचवावयाचे, तर दूरच्या उपाशी माणसास मदत का नाकारावी, हा त्यातील प्रश्न. परंतु निबंधाचा आरंभ तळ्यापाशी नाही. तो नोव्हेंबर १९७१ मधील पूर्व बंगालात आहे. यादवी युद्धाचा उल्लेख सिंगर करतात, पण ओझरता. अध्यापनात तोही बहुधा गळतो, व मुलाला पाण्यात कोणी लोटले हे विचारण्याचे कारणच उरत नाही. वास्तविक पाकिस्तानी सैन्याच्या अत्याचारांमुळे सुमारे १ कोटी माणसे भारतात आली होती. निबंध छापून आला तोवर बहुतेक निर्वासित स्वदेशी परतले होते. ते देणग्यांमुळे नव्हे, तर डिसेंबर १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेश मुक्त झाल्यामुळे.