न दिसणारे रक्त

दिवाळीच्या अंकात रक्ताची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण काही आठवणी सणालाच चिकटून येतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तशीच. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे दमून निजली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची भुई हलली आणि दगडमातीच्या रुंद भिंती, मातीने लादलेली माळवदे निजलेल्यांवर कोसळली. सरकारी मोजणीनेही साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली.

मी तेव्हा नांदेडला होतो. रक्त द्यावे म्हणून आम्ही चौघे मित्र लातूरकडे निघालो आणि एका रुग्णालयात जखमी उचलण्याच्या कामाला लागलो. व्हरांड्यात एक शेतकरी भिंतीला टेकून बसला होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याला उचलायला गेलो तर म्हणाला, "मला काय झालं न्हाई, दादा. आधी त्या पोरीला न्या." पोरीला नेले, ती वाचली. तो मात्र पाणी पाणी करीत दिवेलागणीच्या आत गेला. रक्त पोटातच साचले होते.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले लिटर-सव्वा लिटर आत सांडले, तरी धट्ट्याकट्ट्या माणसाचा रक्तदाब पुष्कळदा टिकून राहतो, आणि पाहणारा फसतो. डॉक्टरांजवळ बोटे होती, सुई होती. १९६५ पासून आणखी एक रीत होती. पोटात नळीने पाणी सोडायचे आणि ते लाल होऊन परत येते का, ते पाहायचे. शेकडो जखमींच्या गर्दीत हे किती जणांना करणार?

पुढे वाचनात आले की, ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात असाच भूकंप झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी एका रुग्णालयात तीन दिवसांत ४०० जखमींची पोटे सोनोग्राफीने पाहिली. माणसामागे सरासरी चार मिनिटे! यंत्रातून निघालेला, कानाला न कळणारा ध्वनी अवयवांवर आपटून परततो, त्याचे चित्र उमटते. ताज्या रक्तातून तो परतत नाही. म्हणून तिथे काळी जागा दिसते. यकृताशेजारी, प्लीहेशेजारी, ओटीपोटात आणि हृदयाभोवती, अशा चार ठिकाणी पाहायचे. पाठीकडच्या खोल भागातला स्राव मात्र त्याला सहसा सापडत नाही. म्हणून एकदा पाहून निर्धास्त होता येत नाही.

त्याच १९८८ साली आपल्या महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. देशातला तो पहिलाच. करणे भागच होते. पण एकाच साली हे यंत्र तिकडे ढिगाऱ्यातून काढलेल्यांचे प्राण शोधीत होते, आणि इकडे न जन्मलेल्या मुलींचे प्राण वाचवावे लागत होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

गेल्या वर्षी माझा भाचा ट्रॅक्टरवरून पडला. अंगावर जखम नव्हती, आणि तोही म्हणाला, "मला काही झालं नाही, मामा." लातूरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचे ऐकले नाही. पोटावर यंत्र टेकवले आणि यकृत व मूत्रपिंड यांच्यामधली काळी रेघ मला दाखवली. तासाभरात शस्त्रक्रिया झाली.

या दिवाळीत तो घरी आहे. अंगणात पणत्या त्यानेच लावल्या. मी एक जास्तीची मागून घेतली आणि भिंतीशी ठेवली.