लिंक डाऊन, मुक्काम शहागंज

त्याचं असं झालं. दिवाळीला घरी आलो (घर म्हणजे संभाजीनगर, शहागंजपासून चालत दहा मिनिटं) आणि येताना पुण्याहून बॅगेत एक रास्पबेरी पाय ५, एक एम.२ चं अडॅप्टर कार्ड आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ५१२ जीबीची एसएसडी घेऊन आलो. बेत साधा होता. घरी एक छोटा सर्व्हर उभा करायचा, त्यावर सगळे फोटो आणि आवाज ठेवायचे, आणि बाबांना टीव्हीवर ते लावून द्यायचे. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो. म्हटलं, जेवणाआधी होऊन जाईल.

मंडळी, या वाक्याने आजवर किती वीकेंड खाल्ले असतील!

आवाज म्हणजे आजोबांचा आवाज. १९९० च्या सुमाराला काकांनी आजोबांना बसवून नऊ कॅसेट भरल्या होत्या. रझाकारांचे दिवस, १९४८ च्या सप्टेंबरातली पोलीस ॲक्शन, शहागंजातली दुकानं किती दिवस बंद होती, पाणी कुठून भरायचे, सगळं. कॉलेजात असताना मी त्या डिजिटल केल्या. पुढे कॅसेटना बुरशी लागली आणि आईने त्या कंटाळून टाकून दिल्या. लॅपटॉप बिघडला. राहिली ती ही एसएसडी. बॅकअप? हा प्रश्न एका आयटीवाल्याला विचारू नये. मोच्याचे जोडे फाटकेच असतात.

सगळं जोडलं, बोर्ड चालू केला, डिस्क गायब. लॉग पाहिला तर पीसीआयईच्या पुढे दोनच शब्द: लिंक डाऊन. म्हणजे बोर्डाने हाक मारली आणि पलीकडून कोणी ओ दिली नाही.

पहिला दोष अर्ध्या तासात सापडला. काही कार्डं बोर्डाला आपली ओळख आपणहून सांगतात, काहींच्या बाबतीत आपल्याला सांगावं लागतं. माझं दुसऱ्या जातीचं. कॉन्फिग फाईलमध्ये 'डीटीपॅरॅम=पीसीआयईएक्स१' ही एक ओळ टाकली, रीबूट केलं आणि डिस्क दिसली. फोल्डरही दिसला, 'आजोबा' नावाचा. कॉपी लावली. दोन मिनिटांनी डिस्क पुन्हा गायब! रीबूट केलं की दिसायची, वाचायला घेतलं की जायची. आता मात्र पोटात गोळा आला. डिस्कच मरायला टेकली असेल तर? यूएसबीचं एन्क्लोजर, ज्यात घालून डिस्क वेगळी तपासता आली असती, ते पुण्याच्या फ्लॅटवर. आणि मरणाऱ्या डिस्कला प्रत्येक रीबूट म्हणजे एक धक्का.

म्हणून मी ते सगळं बंद केलं आणि आधी वाचायला बसलो. आमच्या कामात आम्ही हे सहसा करत नाही, हे कबूल करतो.

डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या जोडाचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. दोन्ही टोकं सुधारत गेली, पण रडगाणं कायम मधल्या सांध्याचं. १९७९ च्या आसपास, ॲलन शुगार्टने स्थापन केलेल्या कंपनीत 'सासी' नावाचा इंटरफेस तयार झाला. त्याचंच पुढे 'स्कझी' झालं आणि १९८६ मध्ये अमेरिकेत त्याचं मानक ठरलं. एका केबलवर आठ उपकरणं, प्रत्येकाला ० ते ७ मधला एक नंबर, आणि केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावायचा. तो विसरला तर सिग्नल टोकावर आपटून परत यायचा आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळायचा. ज्यांनी त्या काळात सर्व्हर सांभाळले ते सीनियर लोक आजही टर्मिनेटर म्हटलं की आधी आरनॉल्ड आठवत नाहीत.

मग १९८६ मध्येच वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांच्या कामातून आयडीई आलं. ४० तारांची ती रुंद करडी पट्टी आमच्या पिढीने शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शेवटची पाहिली असेल. एका पट्टीवर दोन डिस्क, एक मास्टर आणि एक स्लेव्ह, आणि कोण काय ते जंपरने ठरवायचं. पुढे वेग वाढवायला गेले तर शेजारच्या तारा एकमेकींच्या बोलण्यात पडायला लागल्या. उपाय काय केला? तारा ८० केल्या, कनेक्टर मात्र ४० पिनांचाच ठेवला. वाढवलेल्या चाळीस तारा काहीच वाहून न्यायच्या नाहीत, त्या नुसत्या ग्राउंड. बोलणाऱ्या दोघांच्या मध्ये एक गप्प बसणारा. मला हा उपाय फार आवडला. आमच्या मीटिंगमध्येही करून पाहायला हवा.

पण सोळा बिट एकदम सोळा तारांवरून पाठवायचे आणि ते एकाच क्षणी पोचले पाहिजेत, हे एका वेगापुढे जमेना. कुठला तरी बिट रेंगाळतोच. म्हणून २००३ च्या सुमाराला सगळी दुनिया उलट्या दिशेला वळली. तारा कमी करा, एका जोडीवरून एकामागून एक बिट पाठवा, पण प्रचंड वेगात. जोडीतली एक तार वर गेली की दुसरी खाली, आणि पलीकडे फक्त दोघींमधला फरक वाचायचा. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, त्यामुळे फरकात तो उरत नाही. साटा आणि पीसीआय एक्सप्रेस दोन्ही याच पद्धतीवर. २०११ मध्ये एनव्हीएमई आलं आणि डिस्क थेट पीसीआयईवर जाऊन बसली.

रास्पबेरी पाय या रस्त्याला उशिरा आला. २०१२ चा पहिला बोर्ड ३५ डॉलरचा आणि साठवण म्हणजे एसडी कार्ड, बस. २०१९ च्या पाय ४ मध्ये पीसीआयई होती, पण ती आतल्या आत यूएसबीच्या चिपलाच जोडलेली. लोकांच्या हाताला ती लागली २०२० मध्ये कम्प्यूट मॉड्यूल ४ वर, आणि नेहमीच्या बोर्डावर २०२३ मध्ये, पाय ५ बरोबर. तीही कशी? बोर्डाच्या कडेला सोळा पिनांचा एक बारीकसा कनेक्टर, पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. त्यात एक कागदासारखी पट्टी खुपसायची.

इथे माझी ट्यूब पेटली, कारण दुसरा दोष माझाच होता. हा कनेक्टर पीसीआयईच्या दुसऱ्या पिढीच्या वेगाला प्रमाणित आहे. सेकंदाला पाच अब्ज बिट. तिसरी पिढी, म्हणजे आठ अब्ज, एक ओळ टाकून चालू करता येते, पण स्वतःच्या जबाबदारीवर. मी अर्थातच ती ओळ उत्साहात पहिल्या तासातच टाकून ठेवली होती. पाच अब्जांच्या वेगाला एका बिटाच्या वाट्याला एक अब्जांश सेकंदाचा पाचवा हिस्सा येतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा फक्त सहा सेंटीमीटर जातो. आठ अब्जांना पावणेचारच. असल्या घाईत पट्टी जराशी वाकडी असली तरी संपलं.

ती ओळ काढली. डिस्क दोनऐवजी दहा मिनिटं टिकली. मग पॉवर तपासली तर बोर्ड व्होल्टेज पडल्याची तक्रार करत होता. मी बोर्डाला घरातला जुना मोबाईल चार्जर लावला होता, त्याला हवे असतात ५ व्होल्ट आणि ५ अँपिअर. संध्याकाळी २७ वॉटचा ॲडॅप्टर मिळवला. डिस्क अर्धा तास टिकली. आणि गेली.

तीन दोष काढले आणि चौथा शिल्लक. प्रत्येक वेळी वाटावं की आता सापडला, आणि प्रत्येक वेळी तो खरंच एक दोष असायचा, फक्त शेवटचा नसायचा. डीबगिंगमधला हा सगळ्यात वाईट प्रकार. एकच मोठा दोष परवडतो.

रविवारी सकाळी बोर्ड खिशात घालून शहागंजला गेलो. तिथे घड्याळाच्या मनोऱ्यापासून जवळच एक घड्याळ दुरुस्तीवाले चाचा बसतात. लहानपणापासून पाहतोय, डोळ्याला भिंग लावलेलंच. त्यांना म्हटलं, चाचा, जरा इथे बघता का. त्यांनी बोर्ड उलटसुलट केला, कसला आहे हे विचारलंही नाही, कनेक्टरवर भिंग नेलं आणि म्हणाले, "टेढा बैठा है बेटा." एका बाजूने पट्टी आत, दुसऱ्या बाजूने केसभर बाहेर. खटका बंद होता म्हणून मला ती नीट बसलेली वाटत होती. त्यांनी चिमट्याने खटका उचलला, पट्टी काढली, फडक्याने पुसली, सरळ दाबून बसवली. पैसे घेतले नाहीत. वर "पानी-वानी लगा था क्या?" एवढं विचारलं.

पाणी. परत येताना शहागंजच्या मशिदीपाशी थांबलो. आजोबांच्या कॅसेटमध्ये पाण्याची गोष्ट इथलीच आहे. लहानपणी आमच्या गल्लीत नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे आजोबा "आमच्या वेळी नहरीचं पाणी होतं" म्हणायचे तेव्हा ते थापा मारतात असंच वाटायचं. थापा नव्हत्या. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर, त्याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत नहर-ए-अंबरी बांधली. शहराच्या उत्तरेकडचं, जमिनीखालचं पाणी उतारावरून, बांधीव भुयारातून आणि खापरी नळांतून शहरात आणलं. एकही पंप नाही. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचं पाणीही तसंच हर्सूलच्या बाजूने येतं. ते काम तुर्कताज खानाचं, आणि तिथे नळातलं पाणी भिंतीतून वर चढून हौदात कोसळताना दिसायचं.

शहागंजला नळ नव्हता गाजलेला, हौद होता. सय्यद हुसेन अली खान १७१५ ते १७१९ या काळात दख्खनचा सुभेदार होता, त्याने हा हौद सुरू केला. इवज खानाने तो वाढवला, आणि १७२० च्या सुमाराला शेजारी ही मशीद उभी राहिली. खाफी खान हा त्या काळातला इतिहासकार, त्यानेही या हौदाची नोंद केली आहे, की उन्हाळ्यात पाणी आटलं की शहराची तहान यावर भागते.

हौद बांधणं सोपं असावं. अवघड काम हौदापर्यंतचं. नळात हवा अडकली की पाणी थांबतं, म्हणून वाटेत ठिकठिकाणी मनोरे. पाणी त्यात वर चढतं, हवा निघून जाते, दाब उतरतो, गाळ खाली बसतो आणि पाणी पुढच्या नळात जातं. शहराच्या जुन्या भागात असे मनोरे मी शाळेत जाताना पाहिलेत, तेव्हा ते पडक्या घराचे खांब वाटायचे. नहरी कोरड्या पडल्या त्या मुख्यतः अशाच मधल्या जागी. झाडाची मुळं सांध्यात शिरली, कुणी घराचा पाया खणताना नळ फोडला, कुणी वर रस्ता केला. आणि तक्रार मात्र कायम हौदाची, की त्याला पाणी नाही.

मी दोन दिवस डिस्कलाच शिव्या देत होतो.

घरी आलो, बोर्ड चालू केला, कॉपी लावली आणि खोलीच्या बाहेर जाऊन बसलो. बघवत नव्हतं. पाऊण तासाने बाबांनीच आत जाऊन सांगितलं की काहीतरी शंभर टक्के म्हणतंय. नऊच्या नऊ फाईल. एक प्रत बोर्डावर, एक बाबांच्या लॅपटॉपवर, एक क्लाऊडवर, आणि चौथी पेनड्राईव्हवर काकांना.

तिसरी कॅसेट लावली. खरखर, मग घसा साफ केल्याचा आवाज, मग आजोबा काकांना विचारतायत, "चालू झालं का रे हे?" बाबा उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले.

तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. नळ आला होता आणि वरच्या टाकीत पाणी चढत नव्हतं.